चौथी पापीण

११ सप्टेंबर २०१६

प्रिय ओडा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न फोडता बाजूला ठेवलं असशील तर समजू शकते. पण फेकू नकोस. काम आहे. नुसता उमाळा आला म्हणून लिहायला बसणाऱ्यांतली मी नाही, हे तुला माहीत आहे.

पत्ता योरिंडेने काढला. योरिंडे म्हणजे आमच्या ईशज्ञान विभागातली नवी प्राध्यापिका. वय चौतीस, केस बॉयकट, लॅटिन मात्र इतकं पक्कं की आपले गुरू फादर लिंट्सनसुद्धा तिच्यापुढे जपून बोलले असते. नॉर्वेतल्या कुठल्याशा चर्चच्या पत्रकात तिला तुझं नाव दिसलं. ओडाबाई रविवारच्या शाळेतून निवृत्त झाल्या, बोडो गावात त्यांना कॉफी देण्यात आली, वगैरे. फोटो होता. म्हातारी झालीस गं. मीही झालेय, पण माझं मला रोज थोडंथोडं कळत गेलं, तुझं एकदम कळलं. मी तो कागद टेबलावर पालथा घातला आणि जरा वेळाने पुन्हा उलटून पाहिला.

तर काम असं. आपलं हस्तलिखित योरिंडे नव्याने छापतेय. हो, तेच, प्रभूच्या प्रार्थनेवरचं भाष्य, ज्याच्यापायी आपण तारुण्यातली चार वर्षं आणि चांगले डोळे घालवले. फादरांच्या आवृत्तीवर नाव होतं ‘मास नदीकाठचा अनामिक मठवासी’. नव्यावर असेल ‘मास नदीकाठची अनामिक संन्यासिनी’. एका ‘चा’ची ‘ची’ व्हायला पन्नास वर्षं लागली.

गेल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, प्रस्तावनेत एक गोष्ट स्पष्ट हवी. लिहिणारी बाई होती, हे पहिल्यांदा तुमच्याच लक्षात आलं ना?”

मी म्हटलं, “नाही. ओडाच्या.”

“कोण ओडा?”

ओडा, विचार कर. हिने आपल्या विषयातलं सगळं वाचलंय, आणि हिला तुझं नाव ठाऊक नाही. ठाऊक असणार तरी कसं, ते कुठे छापलेलंच नाही.

आता ती म्हणते, नाव घालू, पण जिवंत माणसाचं नाव त्याला न विचारता घालणार नाही. हट्टी आहे. फेब्रुवारीत प्रस्तावना छापायला जाईल. त्याच्या आत तुझी एका ओळीची संमती पाहिजे. ‘चालेल’ एवढं लिहिलंस तरी पुरे.

काम संपलं. पण कागद उरलाय, म्हणून थोडं लिहिते.

परवा मी जुन्या व्याख्यानगृहात गेले होते. पायऱ्यापायऱ्यांची ती बाकं काढून टाकलीत, आता चाकांच्या खुर्च्या आहेत, पोरं त्यांच्यावर गोल फिरतात. खिडकीजवळचा आपला बाकही गेला. पुरोहित होऊ घातलेले साठ काळे झगे आणि आपण दोघी. फादर आत आले की “बंधूंनो” म्हणायचे, मग आपल्याकडे बघून जरा थांबायचे आणि घसा खाकरायचे. त्या घसा खाकरण्यातच आपण दोघी मावायचो. तू एकदा वहीच्या कडेला लिहून दाखवलं होतंस, ‘आज तीनदा खाकरले, प्रगती आहे’. मी हसू दाबताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

हस्तलिखितांच्या खोलीत जाण्याआधी साबणाने हात धुवायचे, पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. कॉफी बाहेर बोळात, कपामागे एक बिस्किट, आणि फादर स्वतः डब्याचं झाकण लावायचे. सिगारच्या रिकाम्या पेट्यांतून आपली शब्दांच्या नोंदींची कार्डं. अजूनही कुठे सिगारचा वास आला की मला लॅटिनची विभक्ती आठवते. अशी माणसं जगात फार नसतील, त्यांतली एक तू आहेस.

बरी राहा. उत्तर दे.

लिडविना


२ नोव्हेंबर २०१६

प्रिय ओडा,

तुझं काही आलं नाही. टपाल हरवतं असं मी मनाला समजावलं, पण नॉर्वेचं टपाल हरवत नाही.

आज मृतांचा दिवस. सकाळची मिस्सा झाल्यावर शेवंतीची कुंडी घेऊन दफनभूमीत गेले. आई-बाबा, मग फादर लिंट्सन. त्यांच्या दगडावर शेवाळ चढलंय, घासायला ब्रश न्यायला हवा होता. माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग नाही. तुझ्या मनात आहे का, ते मला माहीत नाही. चांगले होते गं. आपल्यापैकी कुणी आजारी पडलं की संत्री पाठवायचे. आपण अंथरुणावर राहिलो तर त्यांची कार्डं कोण लिहिणार, म्हणून. हे तूच म्हणायचीस.

मी योरिंडेला तो दिवस सांगितला. तुला पडताळून बघायचा असेल म्हणून लिहिते, चुकलं तर सांग.

सदुसष्ट सालचा मार्च, बाहेर गारा. भाकरीचं प्रकरण चाललं होतं. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ यावर त्या भाष्यात काय लिहिलंय, आठवतं ना? देव वरून भाकर टाकत नाही. तो बाह्या सारून पीठ मळायला बसतो, आणि बोटांना चिकटलेलं पीठही पुसून टाकत नाही, पुन्हा गोळ्यात मिळवतो, म्हणून कुणी स्वतःला उरलंसुरलं समजू नये. फादर वाचून खूश. म्हणाले, “हा मठवासी नक्की मुदपाकखान्यात राबलेला असणार.”

तू मान वर न करता विचारलंस, “राबलेला की राबलेली, फादर?”

ते हसले. मीही हसले. तू हसली नाहीस. तू ते चर्मपत्र खिडकीकडे तिरकं धरलं होतंस आणि एका शब्दावरून करंगळी फिरवत होतीस. मला म्हणालीस, “लिद, इथे बोट लाव. खरखर लागते का?”

लागली. शब्द होता ‘पाप्यासाठी’. मज पाप्यासाठी प्रार्थना करा. पण त्याच्याखालचं कातडं सुरीने खरवडलेलं होतं आणि वरची शाई वेगळी होती. असं तीन ठिकाणी. मग तू शेवटच्या पानापर्यंत गेलीस. तिथे कोपऱ्यात, घडीच्या आत, सुरी फिरवणाऱ्याच्या नजरेतून एक सुटली होती. ‘मज पापिणीसाठी’. स्वच्छ, मूळ शाईत. तू हळूच म्हणालीस, “ही बघ. चौथी राहिली बिचारी.”

त्या क्षणाइतका आनंद मला पुढे कशाचाच झाला नाही. पदवीचा नाही, नेमणुकीचा नाही. सातशे वर्षं बाईला बुवा करून ठेवलेलं, आणि एका एवढ्याशा करंगळीने तिला बाहेर काढलं.

फादर म्हणाले, “नक्कल करणाऱ्या सिस्टरची चूक. बायका नक्कल करतात तेव्हा हात सवयीवर जातो.”

“मग फादर, तीन ठिकाणी सुरी कोणी फिरवली? चूक एका जागची असेल तर तिघींची हजामत कशाला?”

“कॉफीची वेळ झाली,” फादर म्हणाले.

आणि त्यांच्या आवृत्तीत चारही जागी ‘पाप्यासाठी’ छापलं. खाली टीप नाही, काही नाही.

आता माझी बाजू. फादर एक्याऐंशी साली गेले. चौऱ्याऐंशीत मी तो लेख लिहिला, भाष्य लिहिणारी बाई होती हे मांडणारा. तो तू वाचला आहेस की नाही, माहीत नाही. त्याच्यावर माझं सगळं उभं आहे, ओडा. त्याच्यावरून मला रोमला बोलावलं, लुव्हेनला बोलावलं. बायकांनी ईशज्ञान लिहिलं नाही, असं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मी तो लेख आपटत फिरले. त्या लेखाची सतरावी तळटीप अशी आहे: ‘या जागेकडे एका सहाध्यायिनीने लक्ष वेधले होते.’ तुझं नाव लिहायला दोन शब्द लागले असते. मी ‘सहाध्यायिनी’वर भागवलं. फादरांनी बाईचा बुवा केला म्हणून मी गळा काढला, आणि मी त्याच कागदाच्या तळाशी तुझी ‘एक सहाध्यायिनी’ केली.

तेव्हा स्वतःला काय सांगितलं होतं, तेही सांगते. म्हटलं, तू विद्यापीठ सोडून गेलीस, तुला नाव नको असेल. विचारलं मात्र नाही.

ती कविता झाली नसती तर हे काहीच झालं नसतं. तिच्याबद्दल आज लिहीत नाही.

एका ओळीची वाट बघतेय.

लिडविना


६ डिसेंबर २०१६

प्रिय ओडा,

काल संत निकोलासाचा सण विभागात साजरा झाला. हल्ली चिठ्ठ्या संगणकावर टाकतात, कोणी कोणाला भेट द्यायची ते यंत्र ठरवतं. पण भेटीसोबतच्या निनावी टवाळ कविता अजून होतात. मला ज्याने कोणी दिली त्याने माझ्या चष्म्याच्या तीन जोड्यांची टर उडवली होती. मी उभी राहून मोठ्याने वाचली, सगळे हसले. कोणी लिहिली हे मी विचारलं नाही. विचारायचं नसतं. संताने लिहिली.

तुला माझा राग यायचा तो येऊ दे, आता लिहूनच टाकते. मागच्या पत्रात मी ‘ती कविता’ लिहून पुढे सरकले. जणू ती आकाशातून पडली होती.

सदुसष्टचा पाच डिसेंबर, दुपारचे चार, बोळातल्या लांब टेबलावर मसाल्याची बिस्किटं आणि चॉकलेटची अक्षरं. फादरांना गोणपाटात गुंडाळलेला दाढीचा साबण आणि ब्रश मिळाला. सोबत टंकलेला कागद. त्यांनी रिवाजाप्रमाणे उभं राहून मोठ्याने वाचलं:

संत म्हणे, फादरांची विद्या भलतीच गाढी,
लेखणीच्या फटक्यात फुटते संन्यासिणीस दाढी.

पहिल्यांदा साठ जण हसले. मग फादरांचा चेहरा बघून एकेक जण गप्प होत गेला. फादर म्हणाले, “संताचं लॅटिन चांगलं दिसतंय,” आणि त्यांनी साबण खिशात टाकला. तू माझ्या शेजारी होतीस. टेबलाखाली तू माझा हात असा दाबलास की अंगठी बोटात रुतली. खूश होऊन दाबलास, की घाबरून, हे मी तेव्हा विचारलं नाही.

त्या ओळी मी लिहिल्या होत्या, ओडा.

तुझ्यासाठी लिहिल्या होत्या. त्यांनी तुझा शोध तळटिपेतही घेतला नाही, याचा मला इतका संताप होता की चार दिवस जेवण गेलं नाही. समोर बोलायची छाती नव्हती. वर्षात एकच दिवस असा होता की त्या दिवशी फादरांना काहीही म्हणता येत होतं. माझ्या टाइपरायटरची फीत संपली होती म्हणून तुझ्या खोलीत, तू कपडे वाळत घालायला गेलीस तेव्हा, तुझ्या मशीनवर टंकलं. तुझ्या मशीनचं ‘e’ ओळीच्या खाली घसरायचं. मला तो विचारही शिवला नाही. मूर्ख होते.

जानेवारीत फादरांनी तुला बोलावलं. तुझ्या प्रबंधाचं प्रकरण आणि तो कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. मला कसं माहीत? मी शेजारच्या खोलीत होते. दार उघडं होतं. मी कार्डं लावत होते, ‘M’ चालला होता.

“हे तुझ्या मशीनवरचं आहे,” फादर म्हणाले.

“हो, फादर.”

“तू लिहिलंस?”

तू म्हणालीस, “संताला विचारा, फादर. रिवाज आहे.”

“मी गंमत करत नाहीये, मुली.”

“मीही नाही.”

तू ‘नाही’ म्हणू शकली असतीस. म्हणाली असतीस तर तिसरं कोणी उरलंच नव्हतं. ते मशीन वापरणारी तू आणि मी. तू रिवाजामागे उभी राहिलीस आणि मी कार्डांमागे. मला आत जायला चार पावलं होती. मी ‘M’ संपवला आणि ‘N’ काढला.

ते तुझ्यावर ओरडलेही नाहीत. फक्त तुझा प्रबंध ‘अजून मुरायला हवा’ असं म्हणून परत दिला. त्या वर्षी सहायकाची एक जागा निघायची होती, आणि ती बाईला द्यायला विभाग पहिल्यांदाच राजी झाला होता. यादीत वर तुझं नाव होतं, खाली माझं. मार्चमध्ये तुझं नाव खोडलं गेलं, माझं वर आलं आणि खाली कोणी उरलं नाही.

ईस्टरनंतर तू नॉर्वेला सिस्टरांच्या दवाखान्यात काम धरलंस. स्टेशनवर मी आले होते. तू म्हणालीस, “कार्डं नीट ठेव.” ठेवली आहेत. तुझ्या अक्षरातलं एकही हरवलेलं नाही.

मला एवढाच आधार होता की जानेवारीनंतरही तू दर रविवारी माझ्या खोलीवर येत राहिलीस. म्हणजे तुझा माझ्यावर राग नाही, तुला बहुधा माहीतच नाही, असं मी धरून चालले. त्या आधारावर पन्नास वर्षं काढली.

आता तुला कळलं. संमती दे अगर देऊ नकोस, पण आता तरी काहीतरी लिही. शिव्या घाल.

लिद


२९ जानेवारी २०१७

ओडा,

तुझं कार्ड मिळालं. वर बर्फातली होडी, मागे तीन वाक्यं.

‘ठाऊक होतं. मी ईस्टरपर्यंत वाट पाहिली. माझं नाव टाक, तुझं काढू नकोस, शेजारी राहू दे.’

मी ते योरिंडेला दाखवलं. तिने पहिलं आणि दुसरं वाक्य वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “बाई, मी नंतर येऊ का?” मी म्हटलं, “नाही, बस. तिसऱ्या वाक्याचं काम आहे.” आणि आम्ही काम केलं. मुखपृष्ठावर नाही, आतल्या पानावर: ‘लेखिकेची ओळख प्रथम ओडा यांनी पटवली. कार्ड-नोंदी ओडा आणि लिडविना यांच्या.’ तुझं पहिलं. वर्णानुक्रमानेही तेच येतं, पण वर्णानुक्रम नसता तरी तसंच घेतलं असतं.

ती गेल्यावर मी ते रविवार आठवत बसले.

तू तीन वाजता यायचीस. भाताच्या गोड तार्टचे दोन तुकडे बेकरीच्या कागदात, तुझ्या हातमोज्यांना साखर चिकटलेली. माझ्या खोलीत एकच खुर्ची, तू पलंगावर भिंतीला टेकून बसायचीस, बूट काढून. स्टोव्हवर कॉफी. तू फारशी बोलायची नाहीस. मीच बोलायचे, कार्निव्हलला कोणी काय सोंग काढलं, लेंटच्या उपवासात मोहरीचं सूप किती वेळा झालं, नव्या मिस्सेत गिटार वाजली तेव्हा म्हाताऱ्या सिस्टरने कानांत बोटं कशी घातली. तू ऐकायचीस. आणि निघताना, दरवेळी, बूट चढवताना खाली बघत विचारायचीस, “आणखी काही?”

मी म्हणायचे, “नाही गं, काही नाही. पुढच्या रविवारी ये.”

ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे रविवार होते, असं मी लोकांना सांगत आले. विद्यार्थिनींना सांगितलंय, मैत्री म्हणजे अशी शांत बसता आली पाहिजे. मूर्खासारखं सांगितलंय. तू शांत बसली नव्हतीस. तू वाट बघत होतीस. बारा रविवार तू मला संधी देत होतीस आणि मी तुला तार्ट किती चांगलं झालंय ते सांगत होते.

तेव्हा मला हे कळलं नाही, ओडा. शपथेवर सांगते. कळलं असतं तर बोलले असते.

दाराशी कोणी आलं की अजून वाटतं, तूच आहेस आणि हातमोज्यांना साखर आहे. या वयात हे लिहिताना रडू येतंय, आणि ते पुसायला जवळ माणूस नाही, म्हणून हाताने पुसून लिहितेय, डाग पडले असतील.

लिद


२१ मे २०१७

ओडा,

पुस्तक वेगळ्या पाकिटात पाठवलंय. जाड आहे, सांभाळून उघड.

काल समारंभ झाला. मोठं सभागृह, पुढच्या रांगेत बिशप, मागे विद्यार्थी. अर्ध्याहून जास्त मुली होत्या. मी मोजायला लागले आणि चाळीसनंतर मला पुढचं दिसेना. तू असतीस तर म्हणाली असतीस, आता फादर कुठे कुठे खाकरतील? योरिंडे भाकरीवरचं प्रकरण वाचत होती, पीठ बोटांना चिकटतं ते, आणि सभागृहात इतकी शांतता की एका बाईने पर्स बंद केली तरी ऐकू आलं. मग तिने त्या चारही जागा वाचल्या आणि ‘मज पापिणीसाठी’ असं चारदा म्हणाली. चारही वेळा मी खाली बघितलं.

मग मला बोलायला उठवलं. मी कागद नेला होता, तो उघडलाच नाही. सांगितलं सगळं. करंगळी, सुरी, तळटीप क्रमांक सतरा. मग म्हटलं की पन्नास वर्षांपूर्वी संत निकोलासाच्या दिवशी एक कविता वाचली गेली, तिच्यामुळे ओडाला इथून जावं लागलं, आणि ती कविता ओडाने लिहिली नव्हती, मी लिहिली होती.

ओडा, लोक हसले.

वाईट नाही हसले. प्रेमाने हसले. आजीबाईंनी तरुणपणी फादरांची टिंगल केली, एवढंच त्यांना ऐकू आलं. कुणीतरी मागून म्हणालं, “म्हणून दाखवा ना.” बिशपसुद्धा हसून माझ्याकडे बघत होते. डीनने टाळ्या सुरू केल्या, सगळे उठून उभे राहिले. मी माइक धरून उभी, आणि ते टाळ्या वाजवतायत. जे ओठांवर येऊ नये म्हणून मी आयुष्यभर जपून बोलत आले, ते बोलले आणि मला फुलांचा गुच्छ मिळाला. फक्त योरिंडे टाळ्या वाजवत नव्हती. ती बसून होती.

गाडीतून घरी सोडताना ती म्हणाली, “बाई, एक विचारू? ती दर रविवारी येत होती. तुम्ही इतक्या हुशार. खरवडलेल्या कातड्यावरून तुम्हाला खालचं अक्षर कळतं. हे कळलं नाही?”

मी म्हटलं, “नाही कळलं.”

ती म्हणाली, “बरं.” आणि दिवा हिरवा झाला म्हणून तिने गाडी काढली. आणखी काही विचारलं नाही.

तिच्या त्या ‘बरं’वर मी सकाळपासून बसलेय. म्हणून हे पत्र. पुस्तकासोबत शुभेच्छांचं कार्ड टाकून भागलं असतं.

जानेवारीतल्या पत्रात मी शपथेवर लिहिलं की मला कळलं नव्हतं. ती शपथ खोटी आहे. मला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं. तू बूट चढवत होतीस, नाडी बांधून झाली होती, तरी तू वाकलेलीच राहिलीस आणि म्हणालीस, “आणखी काही?” तुझे कान लाल झाले होते. तुला माझ्याकडे बघून विचारवत नव्हतं, माझी लाज तूच राखत होतीस. मी फादरांकडे गेले असते तर तुझा प्रबंध त्याच आठवड्यात पुढे गेला असता, आणि तू इथेच राहिली असतीस. मी पुढचे दहा रविवार कॉफी करत राहिले आणि ईस्टर कधी येतो ते बघत राहिले.

फादरांची भीती वाटत होती म्हणून नाही. भीती होती ती पहिल्या आठवड्यात संपली. जागा एकच होती, ओडा, आणि ती मला हवी होती.

लिडविना